चूक आभाळाची, सही आमची

माझ्या हातून आयुष्यात एकही चूक झालेली नाही. जे काही झालं ते पेनामुळे, चष्म्यामुळे, पावसामुळे, एस.टी. लेट आल्यामुळे, किंवा बरोबरचा माणूस मध्येच बोलल्यामुळे. आमच्या घरात मात्र याच्या बरोबर उलट सिद्धान्त मानला जातो. दूध उतू गेलं तर ते मी हाक मारली म्हणून. आणि मी हाक मारली नसेल, तर हाक मारली नाही म्हणून. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली. दोन्ही पक्ष आपापल्या सिद्धान्तावर ठाम आहेत, आणि संसार मधल्या रिकाम्या जागेतून चाललेला आहे.

नोकरी केली ती बँकेत. बँकेत चुकीला एक प्रतिष्ठा असते. घरी चूक झाली तर नुसती बोलणी बसतात. बँकेत तिचा मेमो निघतो, मेमोला जावक क्रमांक पडतो, त्याला खुलासा येतो, खुलाशावर शेरा पडतो आणि मग ती चूक सन्मानानं फाईलला लागते. चौतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका अशा व्यवस्थित फाईलला लावल्या. त्यामुळे चूक आणि चुकीचा मालक यांची गाठ घालून देण्याच्या कामात मी स्वतःला मोठा जाणकार समजत होतो. हा समज गळून पडला तो २०२५ सालच्या नोव्हेंबरात, तोही पुण्याच्या विमानतळावर.

बहिणीकडे बंगळूरला निघालो होतो. तारीख २९. विमान दीड तास उशिरा सुटणार असं कळलं. चौकशीच्या खिडकीशी एक तरतरीत मुलगा होता. त्याला मी माझ्या जुन्या, खुलासा मागणाऱ्या आवाजात विचारलं, "उशीर कशामुळे?"

"सर, सूर्यामुळे."

मी चष्मा काढून पुसला. सूर्य मी बाहेर पाहून आलो होतो. वेळेवर उगवला होता.

"अहो, तो तर रोजच असतो!"

"सर, त्याचं रेडिएशन विमानाच्या कॉम्प्युटरला त्रास देतं. म्हणून सॉफ्टवेअर बदलताहेत."

मागून सौभाग्यवती म्हणाल्या, "बघा, याला म्हणतात कारण. नाहीतर तुम्ही! पंचेचाळीस वर्षं पाऊस आणि एस.टी. यांच्या पुढे गेला नाहीत."

बंगळूरला पोचल्यावर कळलं की तो मुलगा थापा मारत नव्हता. ३० ऑक्टोबरला मेक्सिकोतल्या कॅन्कूनहून अमेरिकेतल्या न्यूअर्कला निघालेल्या एका ए-३२० विमानानं हवेत अचानक नाक खाली केलं, माणसं जखमी झाली आणि ते टँपाला उतरवावं लागलं. मग २८ नोव्हेंबरला एअरबस कंपनीनं जाहीर केलं की, सूर्याकडून येणाऱ्या तीव्र प्रारणामुळे विमानाच्या नियंत्रणाची माहिती बिघडू शकते, तेव्हा या घराण्यातल्या सुमारे ६,००० विमानांत दुरुस्ती करा. बहुतेक विमानांना दुरुस्ती काय, तर नवी आज्ञावली काढून आधीची जुनी परत बसवायची. हे ऐकून मला फार बरं वाटलं. जुनं ते सोनं हे मी घरात किती वर्षं सांगतो आहे, पण त्यासाठी सूर्याला मध्ये पडावं लागलं.

हे सगळं सांगणारा माझा भाचा. त्याचा धंदाच हा निघाला. आजवर बहिणीनं "तो काहीतरी चिपचं करतो" एवढंच सांगितलं होतं, आणि मी ते बटाट्याशी जोडून गप्प बसलो होतो. विमानात बसवायच्या चिपा प्रारणाच्या माऱ्यात किती चुकतात, हे मोजणं हे त्याचं काम. रात्री जेवणं झाल्यावर त्यानं मला कॅरमच्या भाषेत समजावलं.

"मामा, अंतराळातून सतत कण येत असतात. बहुतेक प्रोटॉन. ते स्ट्रायकर समजा. वर हवेच्या अणूवर आदळले की सोंगट्या फुटतात, त्या सोंगट्या आणखी सोंगट्यांना मारतात, आणि खालपर्यंत एक सडा येतो. त्यातले न्यूट्रॉन आपल्याला नडतात. एखादा न्यूट्रॉन चिपमधल्या सिलिकॉनच्या अणूला बसला, की तिथे क्षणभर विजेचा एक थेंब सांडतो. चिपमध्ये सगळं शून्य आणि एक या दोनच आकड्यांत लिहिलेलं असतं. थेंब नेमक्या जागी सांडला, की शून्याचा एक होतो नाहीतर एकाचं शून्य."

"आणि चिप जळते?"

"छे! तीच तर गंमत आहे. चिपला काही होत नाही. याला सॉफ्ट एरर म्हणतात. त्या जागी बरोबर आकडा पुन्हा लिहिला की चिप पहिल्यासारखी. नंतर कितीही तपासा, ठणठणीत. ना डाग, ना पुरावा."

माझ्या अंगावर काटा आला. चौतीस वर्षं मी ज्या गुन्हेगाराची वाट पाहत होतो तो हाच. येतो, आकडा फिरवतो, जातो. त्याला मेमो देता येत नाही, आणि त्याच्या नावावर वाटेल ते खपवता येतं.

भाच्याला मी तसं बोलूनही दाखवलं. "म्हणजे आपले लोक हजारो वर्षं सांगत होते तेच की हे. ग्रहदशा! साडेसाती! वरून काहीतरी येतं आणि माणसाचा हिशोब बिघडतो. आता प्रयोगशाळेचा दाखला मिळाला एवढंच."

"मामा," भाचा हसून म्हणाला, "फरक एवढाच, की आम्हाला दाखला मागावा लागतो."

मग तो जे बोलला त्यानं माझी झोप गेली, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो.

आभाळातून असं काही येतं हे पहिल्यांदा पक्कं केलं व्हिक्टर हेस या ऑस्ट्रियन माणसानं. तेव्हा समजूत अशी होती की प्रारण येतं ते जमिनीतून. वर जावं तसं कमी व्हायला हवं. हेस फुग्यात बसून स्वतः वर गेला. ७ ऑगस्ट १९१२ ला तो पाच हजार मीटरच्या वर पोचला, आणि वर प्रारण कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं निघालं. यासाठी त्याला १९३६ चं नोबेल मिळालं. मला आवडली ती वेगळीच गोष्ट. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सूर्यग्रहण होतं, तेव्हाही तो फुगा घेऊन वर गेला होता. चंद्रानं सूर्य झाकला तरी प्रारण कमी झालं नाही, म्हणजे ते मुख्यतः सूर्याकडून येत नाही असं त्यानं मांडलं. सूर्यावर आळ घेण्याआधी सूर्य आडोशाला गेल्यावर काय होतं ते पाहून घेतलं. ग्रहणात आम्ही आंघोळ करतो. आळ कुणावर घ्यायचा हे आमचं आधीच ठरलेलं असतं.

संगणकांच्या बाबतीत आभाळावर आळ आला तो पुढे. पण त्याआधी एक नामुष्की झाली. १९७८ च्या सुमारास इंटेल कंपनीच्या स्मृतीच्या चिपा अधूनमधून उगाच चुकू लागल्या. टिमथी मे आणि मरे वूड्स या दोघांनी शोध घेतला, तेव्हा चोर घरातच सापडला. चिप ज्या चिनी मातीसारख्या वेष्टनात बसवतात, त्या वेष्टनातच युरेनियम आणि थोरियम यांचे अगदी सूक्ष्म अंश होते. त्यातून अल्फा कण सुटायचे आणि आतला आकडा फिरायचा. म्हणजे चिपला जपायला जे पांघरूण घातलं, तेच तिला चावत होतं. १९७९ मध्ये झीग्लर आणि लॅनफर्ड यांनी दाखवलं की, आभाळातून येणारे कणही हेच करू शकतात.

इथे खरा नैतिक पेच सुरू होतो. चूक झाली. पण ती आभाळाची की आपल्याच वेष्टनाची? आकडा तर दोन्हीकडे सारखाच फिरतो. फिरलेल्या आकड्याकडे पाहून काही कळत नाही.

"मग काय करता?" मी विचारलं.

"डोंगरावर नेतो, आणि खाणीत नेतो."

फ्रान्सच्या आल्प्समध्ये प्लातो द ब्यूर नावाचं पठार आहे, २,५५२ मीटर उंच. तिथे २००६ पासून हे काम चालतं. हजारो चिपा मांडून ठेवायच्या, त्यांत ठरलेले आकडे लिहायचे आणि दिवसचे दिवस वाचत बसायचं, कुठला फिरला ते. उंचावर हवेचं पांघरूण विरळ, त्यामुळे आभाळाचा मारा जास्त. मग तशाच चिपा फ्रान्स आणि इटलीच्या हद्दीवरच्या फ्रेजुस बोगद्यातल्या मोदान प्रयोगशाळेत न्यायच्या. डोक्यावर सुमारे १,७०० मीटर खडक. तिथे आभाळाचे न्यूट्रॉन पोचत नाहीत. आणि तरीही आकडे फिरतात.

"तिथे जे फिरतात," भाचा म्हणाला, "ते आपले. आपल्या मालातले, आपल्या वेष्टनातले. डोंगरावरच्या चुकांतून खाणीतल्या चुका वजा करायच्या. उरतील तेवढ्याच आभाळाच्या नावावर टाकायच्या."

मी सुपारी कातरायची थांबवली. आमच्या बँकेत अशी वजाबाकी कधी कुणी केली नव्हती. साडेसातीवाल्यांनीही नाही. पत्रिका घेऊन कुणी कोलारच्या खाणीत उतरल्याचं ऐकिवात नाही. कोलारच्या खाणीत उतरले ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ, आणि तेही आभाळातून आलेलं काय खाली उरतं ते मोजायला.

आता विमानाचं. विमान पडलं डोंगराच्याही वर. जमिनीवर हिशोबाला न्यूयॉर्क शहर धरतात. तिथे समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरवर ताशी सुमारे १३ जोरकस न्यूट्रॉन पडतात. विमान उडतं त्या दहा-बारा किलोमीटरवर हाच मारा काही शेपट होतो. १९९३ मध्ये टेबर आणि नॉर्मंड यांनी एक निबंध छापला. त्यात ई-३ या लष्करी टेहळणी विमानात, आणि वीस किलोमीटरच्या आसपास उडणाऱ्या नासाच्या ईआर-२ विमानात ठेवलेल्या चिपांच्या चुका मोजल्या होत्या. जशी उंची वाढेल तशा चुका वाढल्या. ध्रुवाकडे जावं तशाही वाढल्या, कारण विषुववृत्ताजवळ पृथ्वीचं चुंबकत्व यातले बरेच कण परतवून लावतं. म्हणजे सबबीच्या बाबतीतही आपल्यावर अन्यायच. नॉर्वेतल्या कारकुनाला आभाळाच्या नावावर जेवढं खपवता येईल, तेवढं सांगलीतल्या कारकुनाला नाही.

"पण विमान उडवून चुका मोजायच्या तर जन्म जायचा," मी म्हटलं.

"म्हणून आम्ही झोतात धरतो." भाचा मागे इंग्लंडला गेला होता तो त्यासाठी. ऑक्सफर्डशायरमध्ये रदरफोर्ड ॲपलटन प्रयोगशाळा आहे, तिथे न्यूट्रॉनचा झोत सोडतात. अमेरिकेत लॉस अलामॉसलाही सोडतात. झोतात तासभर धरलेली चिप जमिनीवरच्या हजारो वर्षांचा मार खाऊन बाहेर येते. बहिणीनं त्या वेळी आम्हाला मुलाच्या इंग्लंडवारीचे जे फोटो दाखवले, त्यांत एक राणीच्या राजवाड्याचा होता आणि सात सिमेंटच्या भिंतींचे. तेव्हा आम्हाला मुलगा अरसिक वाटला होता.

एवढं करून यांना मिळतं काय? तर चूक कधी होईल ते नाही, किती होतील ते. आणि मग ते चुका होणारच असं धरून यंत्र बांधतात. आकड्याबरोबर त्याचा पडताळाही लिहून ठेवतात, म्हणजे एखादा फिरला तर ओळखू येतो आणि जागच्या जागी सुधारता येतो. विमानात तर एकाच गोष्टीला तीन-तीन यंत्रं ठेवतात. एकानं वेडंवाकडं सांगितलं तर दोघांचं ऐकायचं. पंच परमेश्वर. आमच्या घरी ही पद्धत सासूबाई होत्या तोवर होती. मी नेहमी तिसरा असे.

पण पंचही कधीकधी फसतात. ७ ऑक्टोबर २००८ ला सिंगापूरहून पर्थला जाणारं क्वान्टासचं ए-३३० विमान ३७,००० फुटांवरून दोनदा खाली घसरलं. ११९ माणसं जखमी झाली. तीन यंत्रांपैकी एक यंत्र उंचीचा आकडा विमानाच्या नाकाच्या कोनाचा म्हणून सांगत होतं, आणि त्याचे दोन खोटे आकडे नेमके १.२ सेकंदांच्या अंतरानं आले. त्या अंतरानं येणारी खोटी साक्ष ओळखायला उड्डाण-संगणकाला शिकवलेलं नव्हतं. ऑस्ट्रेलियाच्या चौकशी मंडळानं तीन वर्षं तपास केला. यंत्र उघडून पाहिलं, ठणठणीत. आभाळातल्या कणानं केलं असेल का, तेही तपासलं. आणि डिसेंबर २०११ च्या अहवालात लिहिलं की, असं म्हणायला पुरावा पुरेसा नाही. झालं असेल, नसेलही. यंत्र का बिघडलं ते ठरलं नाही. पण उड्डाण-संगणकाची आज्ञावली मात्र बदलली, म्हणजे पुन्हा कशामुळेही असा आकडा आला तरी विमान घसरू नये.

हे ऐकल्यावर मी "उद्या बोलू" म्हणून उठलो. कारण मला गणू आठवला.

त्याचं खरं नाव गणू नाही. नोव्हेंबर १९८९. आमच्या तालुक्याच्या शाखेत खाती चढवायचं यंत्र नुकतंच आलं होतं. जुन्या लेजरमधल्या बाक्या यंत्रात घालायच्या होत्या. मी अधिकारी, म्हणून मी मोठ्यानं वाचायचं. गणू नवा कारकून, अजून कायम झालेला नाही, म्हणून त्यानं बोटं चालवायची. आणि कराचीला सचिन तेंडुलकरची पहिली कसोटी चालू होती, म्हणून माझ्या टेबलाच्या खणात ट्रान्झिस्टर होता.

चार दिवसांनी एक आजी आल्या. नातवाच्या फीसाठी पाच हजार काढायचे होते. यंत्र म्हणे खात्यात ४,७००. आजी पासबुक पुढे करून म्हणाल्या, "साहेब, यात तर सात हजार चारशे लिवलंय." त्यांना मी जे उत्तर दिलं ते मला शब्दन् शब्द आठवतं. "आजी, ते हातानं लिहिलेलं आहे. यंत्र चुकत नसतं."

आजी परत गेल्या. दोन दिवसांनी जुनं लेजर पाहिलं, तेव्हा त्यात ७,४०० च होते. आजींना निरोप पाठवला, पैसे दिले. वरून खुलासा मागवण्यात आला. मी तो सकाळच्या चहाला सुरू केला आणि जेवणाच्या सुट्टीच्या आत संपवला. "यंत्रात दोष नाही. वाचन अचूक होते. सबब चूक आकडे भरणाऱ्याची." खाली सही. गणूचं कायम होणं सहा महिने लांबलं, आणि त्या सहा महिन्यांत त्याचं ठरत आलेलं लग्न मोडलं. ऑस्ट्रेलियातल्या मंडळीला तीन वर्षांत जे ठरवता आलं नाही ते मी अडीच तासांत ठरवलं होतं.

मध्यरात्री भाच्याला उठवलं. त्याच संध्याकाळी त्यानं बेल्जियमची एक गोष्ट सांगितली होती. १८ मे २००३ च्या निवडणुकीत ब्रसेल्सजवळच्या स्खारबेकमध्ये एका उमेदवाराला ४,०९६ मतं जास्त पडलेली दिसली. शक्य होती त्याहूनही जास्त. ४,०९६ म्हणजे दोनाला दोनानं गुणत गेलं की बाराव्या पायरीला येणारा आकडा. म्हणजे संगणकात एकच शून्य, एका विशिष्ट घरात, एक होऊन बसलं होतं. कशामुळे ते सिद्ध झालं नाही, पण संशय आभाळावर गेला.

"बाळ, यंत्रातला आकडा ७,४०० चा ४,७०० असा होऊ शकतो का? आभाळामुळे?"

त्यानं डोळे चोळत कागदावर शून्य-एक मांडले. "मामा, सात ठिकाणी उलटापालट व्हायला हवी. एकाच आकड्यात. आणि होऊन पुन्हा इतका सरळ आकडा यायला हवा." मग माझ्याकडे पाहून जरा हळू आवाजात म्हणाला, "दोन हजार सातशेचा फरक आहे. तुम्ही बँकेतले. तुम्हाला माहीत असणार."

मला माहीत होतं. बँकेत चौथ्या दिवशीच शिकवतात. फरकाला नऊनं भाग गेला, तर आधी आकड्यांची अदलाबदल शोधावी. सातच्या जागी चार, चारच्या जागी सात. दोनाच्या पटीतली चूक कदाचित आभाळाची असेल. नवाच्या पटीतली माणसाचीच असायची. २,७०० ला नऊनं भाग जातो हे मला १९८९ मध्येही माहीत होतं. तेव्हा माणूस कोण एवढंच ठरवायचं होतं, आणि तिथे दोघं होतो. एक बोलणारा आणि एक लिहिणारा.

तेव्हा मी अंथरुणात पडल्या पडल्या खाणीत उतरलो. पेन वजा केलं, चष्मा वजा केला, यंत्र वजा केलं, आभाळ वजा केलं. वर खडक, आणि खाली टेबल, लेजर, गणू, मी, आणि खणात ट्रान्झिस्टर. कुणीतरी चौकार मारला होता. कुणी ते आठवत नाही. पण "चार!" असं ओरडणारा आवाज आठवतो, आणि माझ्या तोंडात पुढचा शब्द "हजार" होता.

शपथेवर सांगता येणार नाही. छत्तीस वर्षांत आठवणीतलेही आकडे फिरतात, आणि त्यांना कुणी पडताळा जोडून ठेवलेला नसतो. पण "वाचन अचूक होते" हे वाक्य लिहिताना माझ्याकडे काहीही पुरावा नव्हता, एवढं मात्र मी शपथेवर सांगू शकतो. सही करायला पुरावा नव्हे, हुद्दा पुरला होता.

आपल्याला वाटतं, चूक कुणाची हे कळलं की न्याय झाला. त्यापुढे असंही वाटतं, की चूक कुणाचीच नाही हे कळलं की सगळे मोकळे. भाच्याच्या धंद्यात ही दोन्ही वाक्यं कुणी म्हणत नाही. चूक आभाळाची आहे हे पक्कं ठाऊक असूनही आकडा नीट करायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं आहे, कारण आभाळाला ते करता येत नाही. आणि मी? चूक माझी की गणूची हे ठाऊक नसताना, ती नीट करायचं सोडून, तिला मालक तेवढा मिळवून दिला.

पुण्याला आल्यावर गणूचा नंबर मिळवला. तोही आता निवृत्त, नातवंडांचा आजा. मी "कॉस्मिक किरण" पासून सुरुवात केली. हेस झाला, फ्रान्सचा डोंगर झाला, बोगदा झाला. गणू दहा मिनिटं "हो साहेब, हो साहेब" करत राहिला. शेवटी म्हणाला, "साहेब, तो फरक दोन हजार सातशेचा होता. नऊनं भाग जातो की."

"हो रे," मी म्हटलं. "मी रेडिओ ऐकत होतो."

पलीकडे जरा वेळ काही नाही. मग म्हणाला, "मीपण ऐकत होतो, साहेब. तुम्ही 'चार हजार' म्हणालात का मीच ते लिहिलं, हे मलापण आजवर कळलेलं नाही."

"मग तू खुलाशात तसं लिहिलं का नाहीस?"

"साहेब, ट्रान्झिस्टर तुमचा होता."

मला हसू आलं आणि पाठोपाठ ते गिळावं लागलं. मी विचारलं, आता काय करू? तो म्हणाला, "आजींचा आकडा त्याच आठवड्यात सुधारला. माझा तेवढा राहिला. एक कागद लिहून द्या. बँकेला नको, माझ्याकडेच द्या. घरी दाखवीन." मग जरा थांबून, "ती म्हणते, तुमचं तेव्हाचं ते मोडलं म्हणून तर मी मिळाले. पण कागद द्या."

भाच्यानं सांगितलेलं आठवलं. त्या जागी बरोबर आकडा पुन्हा लिहिला की झालं. चिपला तेवढं पुरतं. माणसाला पुरतं का, मला ठाऊक नाही. गणूचे सहा महिने कुठल्याच कागदानं परत यायचे नाहीत. पण पुन्हा लिहिण्यावाचून दुसरं काही माझ्या हातातही नव्हतं.

कागद लिहायला मला चार दिवस लागले. "आकडे मी वाचत होतो. माझं लक्ष नव्हतं. चूक कुणाची हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, आजही नाही. तरी ती मी तुमची म्हणून लिहिली. हे लिहिणं चूक होतं, आणि ती चूक माझी." ७,४०० आणि ४,७०० हे आकडे तीनदा तपासले. मग पडताळ्यासाठी कागद घरातल्या दुसऱ्या यंत्रणेकडे दिला.

सौभाग्यवतींनी तो सावकाश वाचला. एकदा डोळ्यांना पदर लावल्यासारखं वाटलं, पण खात्री नाही. मग बोट ठेवून म्हणाल्या, "अहो, साल १९९८ घातलंय. ऐंशीची नव्वद आणि नवाचे आठ. ही कुणाची चूक?"

फरक नऊचा. मी खिडकीतून आभाळाकडे पाहिलं. स्वच्छ होतं.

"माझी," मी म्हटलं, आणि दुसरा कागद घेतला.